आधी अधू हात

४ जून

ती. आक्कास,

धाकल्याचा नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन आबांच्या उशाशी असतो आणि तू बोलायला लागलीस की ते डोळे मिटून कान उघडे ठेवतात, म्हणून हे पत्र. वाचून झालं की पिठाच्या डब्याखाली सरकव.

तर ऐक. दुकान बंद केलं. लोक तयार कपडे घेतात आणि माझ्याकडे नुसत्या पँटी आखूड करायला येतात. वर्षभर परक्याच्या पँटी आखूड केल्या, शेवटी एका दुपारी शटर ओढलं आणि नर्सिंग असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. हसू नकोस. हसलीसच ना?

नर्सिंग असिस्टंट म्हणजे रुग्णाला अंघोळ घालणारा, कपडे बदलणारा, कुशीवर वळवणारा, खुर्चीत बसवणारा, नाडी आणि ताप बघून नर्सला सांगणारा माणूस. औषध द्यायचं नाही आणि सुईला हात लावायचा नाही. बघ, जन्मभर सुईवर जगलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावलं, सुईला हात लावायचा नाही! वर्गात सगळ्या विशीच्या मुली आणि मधोमध मी, सेहेचाळीस वर्षांचा घोडा. त्या मला टेलरकाका म्हणतात. शिकवायला निवृत्त मेट्रनबाई आहेत. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण खोलीत शिरल्या की आम्ही सगळे आपोआप ताठ बसतो.

आता मुद्द्याचं. तुमच्या गल्लीच्या टोकाला हिरव्या फाटकाचं नर्सिंग होम आहे ना, तिथे मी बोलून ठेवलंय. नोव्हेंबरला जागा आहे, पण प्रमाणपत्र हातात हवं. ते मिळालं की आम्ही दोघं बिऱ्हाड उचलून तिकडेच येतो आणि माझ्या वाटणीचे आबा मी घेतो. त्यांना अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं तू एकटी वाहते आहेस. वाचनालयातली खुर्ची सोडलीस, बाहेर जाणं सोडलंस. मला इकडे घास गोड लागत नाही, आक्का. हे तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिलं.

पास होणार याची मला खात्री आहे. आबांना इतक्यात सांगू नकोस.

तुझा,
धाकल्या

१३ जून

चि. धाकल्यास,

आशीर्वाद. आणि कान पुढे कर, उपटायचा आहे.

पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. पण मी भाजी आणायला गेले आणि शेजारच्या काकूंना पीठ हवं होतं. त्यांनी पत्र आबांच्या हातात नेऊन दिलं, 'तुमच्या मुलाचं दिसतंय' म्हणून. झालं! मी आले तर आबा चष्मा लावून वाचतायत. सगळं वाचलं, डोळे मिटून कान उघडे ठेवण्याचंसुद्धा. मग म्हणाले, "कपडे शिवायला शिकवलं होतं, बदलायला नाही." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मलाही विचारशील तर, या वयात हे काय काढलंस? तुझ्या हाताखाली चार कारागीर होते. आता कुणाकुणाची भांडी उचलणार? माझी भावजय काय म्हणते? ती शहाणी आहे, काही म्हणत नसेल.

आणि तुझ्या वाटणीचे आबा म्हणजे काय रे? आबा काही जमिनीचा तुकडा आहेत? माझं काही अडलेलं नाही. दोन वर्षांत मी त्यांना एक घास स्वतःच्या हाताने घेऊ दिलेला नाही, एक बटण लावू दिलेलं नाही. शेजारीपाजारी म्हणतात, अशी सेवा दवाखान्यातसुद्धा होत नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला असतो, कात्रीचा हात. ते त्याच्याकडे बघतही नाहीत.

एकच गोष्ट त्यांनी मला करू दिलेली नाही. अंगाने निम्मे झालेत, जुने शर्ट गोणपाटासारखे लोंबतात. नवे शिवायला टाकते म्हटलं तर ओरडतात. तुला ठाऊकच आहे, आयुष्यात त्यांनी स्वतःचे शर्ट स्वतः बेतले, दुसऱ्याची टेप अंगाला लावून घेतली नाही. तुझीसुद्धा नाही.

घेतलंयस तर आता मधेच सोडू नकोस. तुझा पोहण्याचा क्लास आणि ती बासरी अजून माझ्या लक्षात आहे.

आक्का

२ जुलै

ती. आक्कास,

बासरी काढू नकोस. बासरीचा गुरूच पळून गेला होता.

इथे मात्र माझं झकास चाललंय. माणूस झोपलेला असताना त्याच्याखालची चादर बदलायला शिकलो. अर्धी गुंडाळायची, त्याला कुशीवर घ्यायचं, नवी अर्धी पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. एक चुणी राहता कामा नये, चुणीने कातडी सोलवटते. मुलींच्या चादरीला सुरकुत्या, माझी चादर इस्त्री केल्यासारखी! मेट्रनबाई कोपरे बघत राहिल्या. "हे कुठे शिकलात?" म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी सुटाच्या आतलं अस्तर बसवायचो. मग मुलींनी माझ्याभोवती गराडा घातला.

पहिल्यांदा बेडपॅन उचललं त्या दिवशी मात्र घरी येऊन जेवलो नाही. हिने विचारलं तेव्हा म्हटलं भूक नाही. वास नव्हता गं डोक्यात. तो माणूस माझी माफी मागत होता, ते डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी त्याला म्हटलं, मास्तर, मी लोकांच्या पँटी आयुष्यभर शिवल्या, त्यांच्या आत काय असतं ते मला नवीन नाही. ते इतके हसले की नर्स धावत आली. ते शाळामास्तर आहेत, पाठीला प्लास्टर, उताणे पडून असतात. छताकडे बघत पडल्या पडल्या नातवंडांना पत्रं लिहितात. माझ्याकडे रोज पेन्सिल मागतात, कारण उताण्या माणसाचं पेन दोन ओळींत रुसतं.

बाईंचा एक मंत्र आहे: सांगा, विचारा, मग हात लावा. रुग्ण बेशुद्ध असला तरी सांगायचं. मी पहिल्यांदा बेशुद्ध माणसाला 'आता तोंड पुसतो हं' म्हटलं तेव्हा मला लाज वाटली, आता सवय झाली.

आणि तुझ्या कामाचं एक सांगतो. शर्ट घालताना आधी अधू हात बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला. अधू हाताला मागे वळवून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. चांगला हात कसाही वळतो. तू आबांना कसा घालतेस?

तुझा,
टेलरकाका

१६ जुलै

चि. धाकल्यास,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. दोन महिने झाले नाहीत शिकायला लागून आणि दोन वर्षं करणाऱ्या बहिणीला शहाणपण शिकवतोय! कानामागून आली आणि तिखट झाली.

मी आधी चांगला हात घालत होते. सोपा आधी उरकावा, एवढंच डोक्यात. रोज सकाळी दुसऱ्या बाहीच्या वेळी आबा दात आवळायचे. मला वाटायचं माझ्यावर चिडतात.

परवा तू सांगितलंस तसं केलं. आधी अधू. आबांनी दात आवळले नाहीत. थोडा वेळ बाहीकडे बघत बसले आणि म्हणाले, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, कुणी नाही, मलाच सुचलं. ते म्हणाले, "तुला नाही सुचणार." एवढंच. पण चहा घेताना तुझ्या परीक्षेची तारीख विचारली. मी सांगितली. 'मला काय करायचंय' म्हणाले.

तारीख त्यांनी विचारली हे तुला कळवू नको असं ते म्हणालेले नाहीत, म्हणून कळवते आहे.

आक्का

२० ऑगस्ट

ती. आक्कास,

नापास झालो.

लेखीत वर्गात दुसरा आलो. प्रात्यक्षिकात उडालो. बसून वाच.

परीक्षेत चिठ्ठी काढायची, जे काम निघेल ते करून दाखवायचं. माझी चिठ्ठी निघाली: 'उजवी बाजू अधू असलेल्या व्यक्तीला शर्ट घालणे.' आक्का, मी मनात नाचलो! देवाने माझ्या ताटात माझंच वाढलं. रुग्ण म्हणून एक निवृत्त बसकंडक्टर बसवले होते. जाडजूड, मिशीवाले, उजवा हात लुळा असल्याचं सोंग घेऊन. मी हात धुतले, नाव विचारलं, पडदा ओढला, आधी अधू हात घातला. सगळं पाठ. मग कंडक्टर म्हणाले, "बटणं मी लावू का?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? "तुम्ही नुसते उभे राहा, साहेब."

ते बसले होते. तरी उभे राहा म्हटलं मी. तीस वर्षं ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाला जे म्हणत आलो तेच. त्यांचा डावा हात बटणापर्यंत आलेला, तो मी बाजूला केला. पटापट सगळी बटणं लावली, खांदे झटकले, कॉलर बसवली. तोवर कफला एक दोरा लोंबताना दिसला. आणि मी, हात धुतलेला, शिकलेला, लेखीत दुसरा आलेला मी, खाली वाकलो आणि तो दोरा दातांनी तोडला.

परीक्षक बाईंनी मान खाली घातली आणि लिहायला लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. कंडक्टर मिशीत हसत होते.

दोऱ्याबद्दल मी स्वतःच हसलो. पण मेट्रनबाई म्हणाल्या, दोरा एकवेळ माफ झाला असता, नापास तुम्ही बटणांमुळे झालात. त्या माणसाला एक हात चांगला होता, त्याने तोंडाने मागितलं आणि तुम्ही त्याला दुकानातला पुतळा केलात. रोज असं केलंत तर वर्षभरात त्याचा चांगला हातही कामातून जाईल. मी म्हटलं, बाई, मी प्रेमाने केलं. त्या म्हणाल्या, प्रेमानेच होतं हे. अति तिथे माती.

आता एकच संधी आहे, २६ सप्टेंबरला. तीही गेली तर सगळा कोर्स पुन्हा, आणि हिरव्या फाटकातली जागा दुसऱ्याला. पण मी पास होणार. मी एकदा बाही उलटी जोडली तर जन्मात पुन्हा उलटी जोडत नाही.

आक्का, रागावू नकोस, एक विचारतो. आबांचा डावा हात चांगला आहे ना? मग चमचा त्यांच्या हातात का नाही?

धाकल्या

२९ ऑगस्ट

धाकल्या,

म्हणजे दोन वर्षं मी चुकले, असं म्हणायचंय तुला. स्पष्ट लिही की. त्यांचा डावा हात मी कामातून घालवला, असंच ना? नापास तू झालास आणि शिक्षा मला.

त्यांच्या शर्टावर कधी डाग पडू दिला नाही मी. त्यांना कधी चमच्यासाठी चाचपडताना कुणाला बघू दिलं नाही. ज्या माणसाने गावभरच्या नवरदेवांचे सूट शिवले त्याने हनुवटीवर भात सांडलेला मी बघायचा? मला नाही बघवत. झालं समाधान?

इकडे सगळं ठीक. शेजारच्या काकू येऊन-जाऊन असतात, चांगल्या आहेत. आबा ठीक. पेन कुठे गेलं कोण जाणे, म्हणून हे असं पेन्सिलीने. छताला फार पोपडे आलेत, खिडकीजवळ एक तर अगदी बदकासारखा दिसतो. रंग काढायला हवा.

अभ्यास कर. फोन करू नकोस, आबांची झोपमोड होते.

आक्का

३ सप्टेंबर

आक्का,

तू आडवी आहेस.

नाकारू नकोस. तुझ्या छताला दोन वर्षं पोपडे आहेत, पण त्यातलं बदक उभ्या माणसाला दिसत नाही. आणि पेन हरवायला तू काय मी आहेस? माझे मास्तर असंच लिहितात, ओळ वर चढत जाते आणि अक्षर फिकट होत जातं. काल शेजारच्या काकूंना फोन लावला. आधी 'मला काही माहीत नाही' म्हणाल्या. मग दोन मिनिटांत सगळं सांगितलं. आबांना काखेत हात घालून उचलताना पाठीत चमक भरली, डॉक्टरांनी सप्टेंबरभर पाठ टेकून ठेवायला सांगितलंय, आणि 'धाकल्याला कळवलंत तर बोलणार नाही' अशी शपथ घातलीस. धन्य आहेस.

आता माझं ऐक. मागचं पत्र मी घाईत लिहिलं. तू चुकलीस असं मला म्हणायचं नव्हतं. तू नसतीस तर आबा आज नसते, हे मी कुणालाही ओरडून सांगेन. पण पाठ मोडून घ्यायला तुला कुणी सांगितलं होतं? मला रडू आलं, खरंच. ही बाजूला उभी होती, तिने पाण्याचा पेला दिला आणि म्हणाली, परीक्षा गेली खड्ड्यात, तुम्ही निघा. मी बॅग भरून ठेवली आहे. तू 'ये' म्हण, गाडीत बसतो.

सोबत दुसरं पाकीट आहे, ते आबांचं आहे. काकूंकडून त्यांच्या हातात दे. तू वाचलंस तरी चालेल, तुला न वाचता राहवणार नाही हे मला माहीत आहे.

धाकल्या

(आतलं पाकीट)

ती. आबांना,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, चूकभूल माफ करा.

आक्का पाठीने पडून आहे. तिला उठायची मनाई आहे. पण तुम्ही उपाशी आहात असं वाटलं तर ती उठेल, तिचा स्वभाव तुम्हीच घडवलात. म्हणून तुमच्याकडे मागणं मागतो. तुम्ही तिला सांभाळा.

चमचा डाव्या हातात धरा. ताटाखाली ओला फडका घातला की ताट सरकत नाही. सांडलं तर सांडू द्या. शर्टाची बटणं खालून लावत वर या, एका हाताला ते सोपं जातं. एकट्याने उठायचं मात्र नाही. सकाळी काकूंच्या घरचे येतील तेव्हा खुर्ची तुमच्या डाव्या बाजूला लावायला सांगा, पायात बूट घाला, तळवे जमिनीवर टेका, पुढे झुका आणि डाव्या पायावर जोर द्या. त्यांनी फक्त कंबरेचा पट्टा धरायचा. उठायचं तुम्ही.

तुम्ही मला काजं करायला शिकवलंत तेव्हा माझ्या हातातून सुई कधी घेतली नाहीत. मी रडलो तरी नाही. ते मला आता कळतंय.

तुमचा,
धाकटा

११ सप्टेंबर

चि. धाकल्यास,

बॅग रिकामी कर. परीक्षा सोडून आलास तर दार उघडणार नाही, आणि मी उघडणार नाही म्हणजे कोणीच उघडणार नाही, कारण इथे चालतं फिरतं दुसरं कोणी नाही.

हो, पडून आहे. हो, लपवलं. परीक्षेच्या तोंडावर तुला सांगून काय साधणार होते? आता बरं आहे, टेकून बसू देतात. बघ, हे पेनाने लिहिते आहे.

आबांचं ऐक. तुझं पत्र त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू त्यांचं ताट घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. "मला जा म्हणाले," म्हणाल्या. मी माझ्या खोलीत पडलेली. मधे भिंत. आणि मग चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

धाकल्या, मला काय झालं सांगू! उठायला गेले तर पाठीतून कळ आली. मी ओरडले, "आबा, राहू द्या, काकू भरवतील!" पलीकडून उत्तर आलं, "तू गप्प पड."

दुसरा चमचा मागवला. तोही पडला. मग ताटाखाली घालायला ओला फडका मागितला. काकू तो घेऊन गेल्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं म्हणाल्या तर आबा म्हणाले, "आमच्याकडचा माणूस आहे त्यातला." मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मी भिंतीला कान लावून पडले होते. ताटावर चमचा घासल्याचा आवाज आला, मग पुन्हा आला, मग येत राहिला. त्यांना जेवायला केवढा वेळ लागला! माझं तेवढ्यात सगळं आटपलं असतं.

खरं सांगते, आधी मला राग आला. दोन वर्षं मी भरवलं, आणि हे एका दुपारी जमवतात? मग रडू आलं. मग काकूंनी त्यांचा शर्ट दाखवायला आणला, छातीभर डाग, आणि मी हसायला लागले तर पाठ दुखायला लागली. ते नवरदेवांचे सूट शिवणारे आबा, आणि माझ्या मनात त्या डागाची लाज कुठेच नव्हती. आपला हात जगन्नाथ म्हणतात ते खोटं नाही. तुझं ते 'चमचा त्यांच्या हातात का नाही' मला फार लागलं होतं. खरं होतं म्हणून लागलं.

आता उभे राहतात पट्टा धरून. काल काकूंच्या यजमानांना म्हणाले, "धरा, ओढू नका."

जा, परीक्षा दे. आणि दात तोंडात ठेव.

आक्का

२७ सप्टेंबर

ती. आक्कास आणि आबांस,

एकदाचं घोडं गंगेत न्हालं. पास!

चिठ्ठी निघाली: 'पलंगावरून खुर्चीत बसवणे.' रुग्ण पुन्हा तेच कंडक्टर. मला बघून म्हणाले, "आज काय तोडणार?" मी म्हटलं, आज काही नाही, साहेब, आज तुम्हीच सगळं करणार आहात. खुर्ची चांगल्या बाजूला, ब्रेक लावले, बूट घातले, पट्टा बांधला. काय करणार ते सांगितलं, चालेल का विचारलं. मग "तुम्ही तयार झालात की सांगा" म्हणालो आणि थांबलो.

आक्का, ते थांबणं फार अवघड गेलं. ते हरामखोर मुद्दाम वेळ लावत होते! एकदा उठतो असं करत आणि पुन्हा बसत. माझे हात शिवशिवत होते, काखेत हात घालून एका झटक्यात बसवला असता. त्यात त्यांची कॉलर एका बाजूने उलटी. भिंतीला कान लावून पडलेली तू मला आठवलीस, आणि मी पट्टा धरून उभा राहिलो. शेवटी उठले ते स्वतःच्या पायावर. खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, कॉलर तुम्ही नीट करता की मी करू? म्हणाले, "राहू दे, फॅशन आहे." परीक्षक बाईसुद्धा हसल्या. या वेळी त्यांनी फार काही लिहिलं नाही.

मेट्रनबाईंनी हात हातात घेऊन सांगितलं, टेलरकाका, तुमच्यासारखी चादर मी अजून बघितली नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या. ही दारात उभी होती, डोळे पुसत होती आणि धूळ गेली म्हणत होती.

गणवेशातला फोटो सोबत आहे. गणवेश तयार मिळाला, शिलाई बघवत नव्हती, खांदे उसवून पुन्हा बसवले. हिरव्या फाटकात कळवलंय. ऑक्टोबरअखेर आम्ही येतो. आक्का, वाचनालयात तुझ्या खुर्चीत कुणाला बसवून ठेवलंय ते बघून ये, तिला उठवायचंय.

प्रमाणपत्रधारक,
धाकल्या

७ ऑक्टोबर

(हे आबांनी लिहिलंय. डाव्या हाताने, खुर्चीत बसून, तीन कागद वाया घालवून. मी एक अक्षर दुरुस्त केलेलं नाही, करू दिलं नाही. आक्का)

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिला. खांदे बरे बसवलेस. डाव्या बाहीत घोळ आहे. गडबडीत केलीस. उसव.

आक्का हिंडते. परवा वाचनालयात गेली. मी घरी होतो. काही झालं नाही.

बटणं खालून लावतो. काल एक चुकलं, वर येऊन कळलं. सगळी काढून पुन्हा लावली. आक्का दारात उभी होती. हात लावायला आली नाही. तोंडावर पदर घेऊन उभी होती.

हे शर्ट आता मला होत नाहीत. माझे राहिले नाहीत.

येताना टेप आण. माझं माप घे.

उजवा हात मी उचलीन. वेळ लागतो. तू थांब.

आबा